चार बोटं लांब दाते

"मी सांगेन, पण तुमचा विश्वास बसणार नाही," मी म्हणालो. "आजवर कुणाचाच बसलेला नाही. एकाचा बसला होता, त्याला मी पुन्हा दुकानात घेतलं नाही."

समिधा मॅडम हसल्या. त्या पुण्याकडच्या एका कारखान्यातून आल्या होत्या. कापणी-मळणीची मोठी यंत्रं करणारा कारखाना. माझ्या दुकानामागं, कोंबड्या बसतात त्या पत्र्याखाली, माझं जुनं उचलणीयंत्र गंजत पडलंय. त्याच्यापुढं उकिडव्या बसून त्या एकेका दात्याला बोट लावून बघत होत्या.

"काका, फण्या सुट्या सुट्या केल्यात, ते एकदम पटलं. पाच फण्या, प्रत्येकीला आपली स्प्रिंग, आपलं चाक. उंचवटा आला की एक वर जाणार, खळगा आला की दुसरी खाली. आम्ही आज तेच करायला बसलोय. पण दाते एवढे लांब का? चार बोटं तरी जास्त आहेत. आणि चाकं चक्क बाळगाडीची! ही मऊ जमिनीत रुततील. चाक रुतलं की मागचे दाते मातीत जाणार."

"जाणारच."

"मग हा दोष झाला."

"दोषच आहे," मी म्हणालो. "पण तो पैसे देऊन बसवून घेणारं एक गिऱ्हाईक आलं होतं. ते बघा, पायरीवर बसलंय."

पायरीवर कौसाक्का सुपात करडई पाखडत होती. तिचं सूप थांबलं नाही. ती मागच्या गल्लीतली. दुपार झाली की काहीतरी निवडायला, पाखडायला घेऊन माझ्या पायरीवर येते. तिच्या घरी बोलायला कुणी नाही आणि माझ्या घरी ऐकायला कुणी नाही, असा आमचा जुना सौदा आहे.

"सांग की," ती म्हणाली. "पावणी लांबून आलीय. फक्त लई लांबवू नकोस, मला करडई घाण्यावर न्यायचीय."

मग मी सांगायला घेतलं.

आमच्याकडं तेव्हा हरभरा काढायचा म्हणजे हाताची सालटी काढायची. हरभऱ्याच्या पाल्यावर आंब असते. ती बोटांच्या चिरांत शिरली की बाया रात्री भाकरी थापू शकत नसत. पीक उपटून ओळीनं टाकायचं, मग त्या ओळी गोळा करून डोक्यावरून हडंब्याकडं न्यायच्या. हडंबा म्हणजे आमचं मोठं मळणीयंत्र. मी म्हटलं, माणसांनी हडंब्याकडं कशाला जायचं, हडंब्यालाच ओळीवर नेऊ. ट्रॅक्टरमागं हडंबा, हडंब्याच्या कुशीला फण्या. फण्यांनी ओळ उचलायची, पट्ट्यावर टाकायची, पट्ट्यानं वर चढवून हडंब्याच्या तोंडात द्यायची. कागदावर अगदी सोपं.

पण रान कागदासारखं नव्हतं. आमचं तळ्याकाठचं काळं रान, मॅडम, काल होतं तसं आज नसतं. पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं. जागोजाग उंचवटे, त्यांच्यामध्ये खळगे, आणि भेगा अशा की एका साली माझी शेळी एका भेगेत गेली ती दुसऱ्या दिवशी शेजारच्या तालुक्यात ओरडताना सापडली.

"शेळी न्हाई, करडू होतं," कौसाक्का म्हणाली.

"करडूच. तिथं जाईपर्यंत शेळी झालं."

माझी पहिली फणी सरळ, एकसंध होती. उंचवट्यावर दाते मोडायचे आणि खळग्यात निम्मी ओळ तशीच राहायची. लोक हसायचे. मी वैतागून काम टाकून दिलं होतं. मग एकदा सप्त्यात पेटी वाजवणाऱ्या बुवांच्या हाताकडं बघत बसलो. त्यांचं एक बोट खाली जायचं तेव्हा शेजारचं वर असायचं, आणि हात मात्र जागचा हलायचा नाही. घरी आलो आणि फणीचे पाच तुकडे केले. चाकं भंगारवाल्याकडं एका बाळगाडीची आणि एका मोडक्या हातगाडीची मिळाली. स्प्रिंगा सायकलींच्या सीटखालच्या. जुळवून उभं केलं आणि अंगणात रांगोळी काढून तिच्यावर मूठभर मोहरी फेकली. यंत्र वरून नेलं. मोहरी सगळी पट्ट्यावर, रांगोळी जिथल्या तिथं.

मॅडमनी कौसाक्काकडं बघितलं.

"कमळाची एक पाकळी पुसली होती," कौसाक्का म्हणाली. "मीच काढली होती, म्हणून म्हाईत."

गावापुढची चाचणी मी चावडीमागच्या मोकळ्या जागेत घेतली. सपाट जागा, वर खुरटं गवत. त्यावर हरभऱ्याची ओळ पसरली. चाँदपाशा ट्रॅक्टरवर. चांगला ड्रायव्हर, पण भित्रा. घुबडाचं नाव काढलं तरी ब्रेक दाबणारा. निम्मी ओळ झकास उचलली गेली. आणि मग तिसरी फणी आपली आपण खाली वाकली. बाकीच्या चार जिथल्या तिथं. तिथं खळगा नव्हता, काही नव्हतं. दाते मातीत गेले, खरखरले, आणि पट्ट्यावर हरभऱ्याबरोबर काळी, कुजकी ज्वारी वर आली. असा वास सुटला की लोकांनी नाकाला धोतरं लावली.

म्हातारे म्हणाले, अरे, हे तर जुनं पेव! पूर्वी जमिनीत माणूसभर खोल खड्डा करून त्यात ज्वारी साठवत, त्याला पेव म्हणतात. ते कधीच्या काळी बुजवलं होतं. कोणत्या जागी होतं ते सांगणारंसुद्धा कुणी उरलं नव्हतं. वरून काही दिसत नव्हतं. माझ्या बाळगाडीच्या चाकाला मात्र ते सापडलं.

लोक खदाखदा हसले. "मिस्त्री, तुझं यंत्र पाताळातलं पीक काढतंय!"

मीही हसलो. एक बाई तेवढी हसली नाही. डोक्यावर घागर घेऊन ती जागच्या जागी उभी होती, आणि पाणी हिंदकळून तिच्या खांद्यावर सांडत होतं तेही तिला कळत नव्हतं.

"तुम्ही?" मॅडमनी पायरीकडं बघत विचारलं.

"मग कोण?" कौसाक्का म्हणाली.

लोक पांगल्यावर ती जवळ आली. "मिस्त्री, वरून तर समदं सारखंच दिसतंय. ह्याला कसं कळलं?"

"त्याला काय कळतंय, अक्का! एकदा उकरलेली माती परत भरली तरी पहिल्यासारखी बसत नाही. वर गवत येतं, पीक येतं, आत ती भुसभुशीतच राहते. चाक बारीक आहे, ते रुतलं. चाक रुतलं म्हणून दाते गेले. उद्या जाड चाक बसवतो, म्हणजे दोष जाईल."

"दोष घालवू नका," ती म्हणाली आणि घागर सावरून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती माझ्या दुकानात आली. पदर डोक्यावरून घट्ट. आमच्या गावात बाईमाणूस लोहाराच्या दुकानात एकटी येत नसे. खुरपं शेवटायचं, म्हणजे तापवून धार काढायची असली, तरी गड्याच्या हाती पाठवीत. मी भाता थांबवला.

"माझ्या तळ्याकाठच्या रानात हरभरा पडलाय. यंत्र आणा. चाकं हीच पायजेत. दाते चार बोटं लांब करा."

"अक्का, दाते जमिनीत जातील."

"समद्या जमिनीत न्हाई जायचे. तुमीच सांगितलं काल."

मी भात्याकडं वळलो. ती काय मागत होती ते माझ्या ध्यानात यायला लागलं होतं, आणि येऊ नये असं वाटत होतं.

"काका, थांबलात का?" मॅडम म्हणाल्या. "यांना नेमकं हवं होतं काय?"

हे मी सांगणार होतो, पण कौसाक्कानंच सांगितलं, करडईतला खडा वेचून फेकता फेकता. जसं काही दुसऱ्याच बाईचं सांगत होती.

"माझं मालक, रंगनाथराव, त्याच्या काही सुग्या आधी निघून गेले होते. धाकट्या भावाशी, वैजनाथशी, बोलणं बंद होतं त्यांचं. एका सकाळी मी माहेराहून आले तर वैजनाथ म्हणाला, दादा हैदराबादच्या गाडीला बसला, मीच बसवून दिला. चिठ्ठी न्हाई, निरोप न्हाई. गावात हळदीकुंकू असलं की चार घरं बोलवायची, बाकीची दाराला कडी लावून घ्यायची. सवाशीण म्हणावं तर नवरा न्हाई, अन् दुसरं म्हणावं तर कुणी बगितलं न्हाई. मला एवढंच कळायचं होतं, बाई, की मी कपाळाला कुंकू लावायचं का पुसायचं. बास."

मॅडमनी दात्यावरचं बोट काढून घेतलं.

आणि ते रान, मॅडम. रंगनाथ गेला त्याच सालच्या पाडव्याला वैजनाथनं रानाच्या पूर्वेच्या कोपऱ्यात एक शेंदूर फासलेला दगड बसवला. म्हणाला, स्वप्नात म्हसोबा आला आणि जागा मागितली. दुसऱ्याच्या स्वप्नातल्या देवाला आमच्याकडं कुणी पुरावा मागत नाही. नांगर त्या दगडाला वळसा घालायला लागले. बाया तिथलं पीक हातानं हलकेच खुडायच्या आणि मागं न बघता यायच्या. त्या दगडाभोवतीचा हरभरा बाकीच्या रानापेक्षा वीतभर उंच यायचा, काळपट हिरवा. लोक म्हणायचे, देवाची कृपा. पण वैजनाथ त्यातला एक दाणा घरी खायला नेत नसे. तो कोपरा वेगळा मळायचा आणि सरळ आडतीला घालायचा.

दाते मी लांब केले. मला 'नाही' म्हणता आलं असतं. मग का केले, असं विचारू नका. माझ्या कामातला दोष तोवर कुणी मागून घेतला नव्हता.

दोन-चार दिवसांनी वैजनाथ दुकानात आला. हातात गुळाची भेली. गोड माणूस, गावात कुणाशी चढा आवाज केलेला नाही. आल्याबरोबर त्यानं आधी माझ्या तब्येतीची चौकशी केली, मग पावसाची, मग माझ्या मेलेल्या बैलाची.

"वहिनीनं यंत्र सांगितलंय म्हणं," तो म्हणाला.

"सांगितलंय."

"ब्येस केलं. बाया मिळंनात हल्ली. अन् आमचं रान असं खाली-वर." तो यंत्राभोवती फिरला. एका दात्यावर त्यानं अंगठा ठेवला आणि हळूहळू वरपासून टोकापर्यंत नेला. "हे लांब झाले, मिस्त्री."

"रान खाली-वर आहे म्हणून."

"खाली-वर रानाला दाते आखूड पायजेत. लांब दाते माती उकरत्यात. मी बी शेतकरीच हाय की." तो हसला. अंगठा टोकावरच होता.

"कापून देऊ?" मी विचारलं.

"नगं. वहिनीचा शब्द कशाला मोडता? फक्त एक करा. पूर्वेच्या कोपऱ्यात देव हाय. तिथं समद्या फण्या वर उचलून धरायला एक दांडा बसवा. दांड्यापाशी बसायला जागा करा. मी सोता बसतो."

"तुम्ही कशाला त्रास घेता?"

"देवाचं काम. देवाच्या अंगाला लोखंड लागलं की देव सोडत नसतो. ज्यानं लावलं त्याला न्हाई, अन् ज्यानं घडवलं त्यालाबी न्हाई." त्यानं माझा हातोडा उचलला, भेली माझ्याच ऐरणीवर ठेवून एका घावात फोडली आणि त्यातला मोठा खडा माझ्या हातावर ठेवला. "खा. तुमचं दुकान पत्र्याचं, आत भट्टी कायम पेटलेली. जपून असत जा, मिस्त्री. एक ठिणगी पुरती."

मी गूळ तोंडात टाकला. वैजनाथ वळणाआड गेला तसा तो भट्टीत थुंकला.

"बाप रे," मॅडम म्हणाल्या. "मग तुम्ही दांडा बसवलात?"

"बसवला तर! असा दांडा पंचक्रोशीत नव्हता. पितळी मूठ, खाली दात्यांचं चक्र, ओढला की कडाड् असा आवाज. बघणाऱ्याला वाटावं, ह्यानं हत्ती उचलला जाईल."

"आणि तो फण्यांना जोडलेला होता?"

"मॅडम, घाईगडबडीत एखादी गोष्ट राहून जाते."

कौसाक्का सुपाआड हसली. मग तिचं हसू गेलं, आणि माझंही. कारण पुढं उचलणीचा दिवस होता.

हरभरा उचलायची एक वेळ असते. दव असताना उचलला तर हडंब्यात गोळे होतात, ऊन चढल्यावर उचलला तर घाटे फुटून दाणे रानातच सांडतात. दव उडल्यावर आणि ऊन तापायच्या आत, एवढाच काय तो वेळ. आम्ही त्या वेळेला रानात होतो. ट्रॅक्टरवर चाँदपाशा. फण्यांच्या वरच्या बैठकीवर वैजनाथ, धुतलेलं धोतर, कपाळाला अष्टगंध, दोन्ही हात दांड्याच्या मुठीवर. मागून मी चालत. आणि माझ्या मागून कौसाक्का.

आम्ही पश्चिमेकडून सुरुवात केली. यंत्र असं चाललं की मला स्वतःचा अभिमान वाटला. उंचवटा आला की फणी मान वर करायची, खळगा आला की वाकून बघायची, शेजारणीला खबर नाही. चार बोटं लांब दाते त्या पक्क्या रानात मातीला चाटून जायचे, पण आत जायचे नाहीत. ओळीमागून ओळ साफ. ट्रॅक्टरमागं बगळ्यांचा थवा होता, उडणारे किडे टिपत. एका बगळ्यानं माझ्या टोपीवर बसून दोन ओळी केल्या.

इथं मी सांगता सांगता थोडा थांबलो. कुणी तरी टोकेल असं वाटलं. पायरीवर कौसाक्काचं पाखडणं थांबलं होतं. तिनं सूप मांडीवर घेतलं होतं आणि त्यात बघत होती.

रान पूर्वेकडं सरत गेलं, तसा वैजनाथ बोलका झाला. आधी पिकाबद्दल, मग भावांबद्दल, मग मोठ्यानं अभंग म्हणायला लागला. प्रत्येक ओळीला दगड जवळ येत होता. आता त्याचा शेंदूर दिसायला लागला; त्या वर्षी तो ताजा फासलेला होता, तेल अजून ओघळत होतं. चाँदपाशानं ट्रॅक्टर हळू केला आणि मान मागं वळवली.

"मिस्त्री, बगळे किधर गये?"

मी वर बघितलं. थवा मागच्या ओळीवर थांबला होता. उभ्या पायांवर, रांगेत, जसे काही वेशीवर उभे असावेत. आमच्यापुढच्या जमिनीवर एकही नव्हता. तिथं किडे नव्हते असं नाही. उंच, काळपट ओळीवरून ते भणभणत उठत होते, आणि कुणी टिपत नव्हतं.

"चल तू," मी म्हणालो.

"मेरे को नक्को वाटता, मिस्त्री."

"चाँदभाई, चला," कौसाक्का मागून म्हणाली. सकाळपासून ती पहिल्यांदा बोलली होती.

शेवटच्या दोन ओळी राहिल्या. वैजनाथनं अभंग मध्येच तोडला. त्यानं दांड्यावरची मूठ घट्ट केलेली मला खालून दिसली; बोटांची पेरं पांढरी. दगड फण्यांच्या पुढं आला. त्यानं सगळं अंग मागं टाकून दांडा ओढला.

कडाड्.

आवाज उत्तम आला. फण्या जिथल्या तिथं होत्या.

त्यानं पुन्हा ओढला. पुन्हा. मधली फणी दगडावर चढली, दगडाला धक्का न लावता सावकाश वरून गेली. तेवढी ती शिकलेली होती. तिच्या दोन्ही बाजूंच्या फण्यांची बाळगाडीची चाकं मात्र हळूहळू मातीत बसायला लागली. जसा माणूस चिखलात पाय टाकून थांबतो आणि आणखी आत जातो, तशी. बोटभर गेली. मग चार बोटं. दाते दिसेनासे झाले. ट्रॅक्टरचा सूर बदलला, जड झाला, आणि जमिनीतून एक खरखर यायला लागली. दगडावरची खरखर मला ओळखू येते, मुळांवरची येते. ही तशी नव्हती. ही मऊ होती.

"थांबव!" वैजनाथ ओरडला. "ए चाँद्या, थांबव! देव हाय खाली!"

चाँदपाशाचा पाय ब्रेककडं गेला.

"थांबू नका," कौसाक्का म्हणाली. ती पुढं आली होती, फण्यांच्या इतकी जवळ की तिच्या पायांवर माती उडत होती. तिनं वर बैठकीकडं बघितलं. "भाऊजी, देव हाय ना? मग येऊ द्या की वर. दर्शन घेऊ."

वैजनाथ पुन्हा दांड्याकडं वळला. दांडा त्यानं सोडला नाही. तो ओढतच राहिला, कडाड्, कडाड्, आणि त्या आवाजाखाली फण्या आपलं काम करत राहिल्या. काळी माती पोटात काही ठेवत नाही, मॅडम; दरसाल फुगताना, आक्रसताना ती आतलं थोडं थोडं वर ढकलत असते. वर आलेलं घ्यायला तोवर कुणी गेलं नव्हतं, एवढंच.

पट्टा हलला. आधी हरभऱ्याची ती उंच डहाळी वर चढली, मुळासकट. मग ओली ढेकळं. त्या उन्हाळी रानात, वीतभर खाली, ओली. मग पट्ट्यावर मातीचा एक मोठा गठ्ठा आला आणि त्यात काहीतरी होतं.

इथं मी पाण्याचा तांब्या उचलला. दोन घोट घेतले. मॅडम गुडघ्यांना मिठी मारून बसल्या होत्या.

"काय होतं?" त्या कुजबुजल्या.

"काय होतं?" मी म्हणालो. "अहो, रंगनाथ! स्वतः! त्या गठ्ठ्यातून उठून बसला. डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर झटकली, मिशीतली माती पुसली. चाँदपाशा ट्रॅक्टरवरून उडाला तो थेट तळ्यात. वैजनाथकडं बघून रंगनाथ म्हणाला, 'वैज्या, तुझ्यापायी गाडी चुकली की रे माझी!' मग पट्ट्यावरून खाली उतरला आणि ह्या अक्काकडं वळून म्हणाला, 'कौसे, लई दिवस झाले, चहा टाक.' तिथंच बांधावर तीन दगडांची चूल केली. चहा झाला. बशीत ओतून, फुंकर मारून त्यानं दोनदा घेतला. म्हणाला, साखर कमी आहे. मग म्हणाला, दुपारची गाडी गाठतो, आणि पायवाटेनं निघून गेला. अजून आहे तिकडं. चारमिनारच्या मागच्या गल्लीत बांगड्यांचं दुकान टाकलंय, चांगलं चाललंय असं ऐकतो..."

"खोटं," कौसाक्का म्हणाली.

मॅडम हसायच्या बेतात होत्या, त्या थांबल्या. करडईचं सूप पायरीवर ठेवलेलं होतं आणि कौसाक्काचे दोन्ही हात मांडीवर उघडे पडले होते.

"वहाण आली, बाई. एकच. त्यांची. ती हातात घेऊन मी तिथंच मातीत बसले. अन् ह्यो मिस्त्री तवापासून माझ्यासमोर त्यांना चहाच पाजायलाय."